भागरताचे केस

आमच्या घरी रविवार हा केसांचा वार होता. बुधवारी कुणी डोक्यावरून पाणी घेत नसे, कारण आम्हा बहिणींना पाठीवर एक भाऊ होता आणि बुधवारी न्हाणारी बहीण भावाच्या वाईटावर असते, असं माय म्हणे. शनिवारी दुपारीच ती बोडीतून, म्हणजे गावाशेजारच्या छोट्या तळ्यातून, आणलेली काळी चिकण माती ताकात भिजत घाली. एका मडक्यात रिठे, दुसऱ्यात शिकेकाई आणि वाळलेले आवळे. सकाळी अंगणात चूल पेटायची, पाण्याचा हंडा चढायचा आणि काकू पाट मांडून आम्हाला एकेकीला खाली बसवायची. काकूचा हात जड होता. ती डोकं चोळायची ते कणीक तिंबल्यासारखं, आणि डोळ्यांत रिठा गेला म्हणून कुणी ओरडलं तर वर एक धपाटा मिळे. माझी थोरली बहीण भागरता कधी ओरडत नसे. तिला मी ‘बाई’ म्हणत असे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. ती डोळे गच्च मिटून बसे आणि पाण्याची धार मानेवरून ओघळली की गालातल्या गालात हसे.

न्हाऊन झालं की ओल्या केसांना फणी लावायची नाही, हा कायदा. उन्हात पाठ करून बसायचं, केस बोटांनी मोकळे करायचे आणि खायचं. गरम भात, लाखोरीची डाळ, वर तिळाचं कच्चं तेल आणि भाजलेली मिरची. पलीकडे ढेकीवर धान कांडणं चाललेलं असायचं, तिचा धप्प-धप्प आवाज पायाखालच्या जमिनीतून अंगात यायचा आणि न्हाल्यानंतरची झोप डोळ्यांवर यायची. आज माझ्या नातीच्या न्हाणीघरात चार रंगांच्या बाटल्या उभ्या असतात. त्यांचे वास चांगले आहेत, पण कुणी तिच्या डोक्यात आपली दहा बोटं घालत नाही.

तेल माय स्वतः करी. पावसाळा सरता सरता बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावर माका उगवतो. तो आम्ही दोघी बहिणी ओच्यात भरून आणायचो. माय तो पाट्यावर वाटून पिळून रस काढी आणि लोखंडी कढईत तिळाच्या तेलात घाली. कढई चडचडू लागली की घरभर हिरवट कडू वास सुटे. चडचड थांबली की तेल झालं. तोवर तिथून हलायचं नाही, बोलायचंही नाही, कारण बोललं की तेल बिघडतं, अशी तिची पक्की समजूत. खरं म्हणजे बोलण्याच्या नादात एकदा तिनं ते जाळलं होतं. विंचरताना निघालेले केस टाकायचे नाहीत, गुंडाळी करून भिंतीच्या फटीत खोचायचे. दिवेलागणीला केस मोकळे ठेवायचे नाहीत. परक्या बाईनं केसांची तारीफ केली तर घरी येऊन मीठ उतरवायचं. हे सगळं आमच्या अंगवळणी पडलं होतं. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले, असं बापू, म्हणजे आमचे वडील, सांगत. काकू तर अशा थाटात बोले की ते लोक बैलगाड्यांत दुसरं काही न आणता नुसते बायकांचे लांब केसच घेऊन आले असावेत.

बाईचे केस गुडघ्याच्या वर चार बोटं होते. माझेही काही कमी नव्हते, पण तिच्यापुढे माझ्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. मला त्याचं वाईट वाटायचं, हे आता कबूल करते. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, ‘भागरता येऊन राहिली,’ आणि माझं नाव घ्यायचं विसरायच्या. ती सोळाव्या वर्षात होती आणि मी तेराव्या. त्या काळात पोरगी तेवढी झाली की घरातल्या बायांची झोप उडे. बाईचं मात्र ठरलं होतं. सडक अर्जुनीच्या बाजूच्या एका खात्यापित्या घरातला मुलगा, शेती चांगली, स्वभाव शांत. सगळ्यात आधी त्याच्या आईनं बाईला कुणाच्या तरी लग्नात पाठमोरी पाहिलं आणि तिथंच चौकशी केली. वैशाखात लग्न आणि त्याआधी फाल्गुनात डोकं माखायला यायचं, असं ठरलं. डोकं माखणं ही आमच्याकडची तेव्हाची रीत. सासरच्या बायका तेल घेऊन येत, नवरीला पाटावर बसवून तिचं डोकं माखत, वेणी घालत आणि ओटी भरून जात. लाड म्हणायचा, पण मुलीच्या डोक्यात काही खोट आहे का, हे तपासण्याचा तो सभ्य मार्ग होता. ते सगळ्यांना ठाऊक असे आणि कुणी बोलत नसे.

आश्विनात बाईला ताप आला. मुदतीचा ताप होता तो. एकवीस दिवस ती पेजेच्या पाण्यावर राहिली. धान कापणीला आलं होतं, घरात माणूस थांबायला नाही, म्हणून तिच्या उशाशी मीच बसून असे. बिरसीकडे तेव्हा विमानं उतरण्यासाठी मैदान सपाट करणं चालू होतं, आणि गावातली निम्मी माणसं तिकडे कामाला गेलेली. ताप उतरला, बाई भिंत धरून चालू लागली, मायनं देवीला नारळ फोडला. सगळे म्हणाले, पोरगी वाचली.

पौषात केस जायला लागले. पहिल्यांदा फणीत आले तेव्हा ती हसली. मग उशीवर दिसू लागले, मग भाताच्या ताटात. एका रविवारी काकू तिचं डोकं चोळत होती आणि एकदम थांबली. तिच्या दोन्ही हातांत केसांचे झुपके होते. जड हाताची काकू ते हात तसेच धरून उभी राहिली. तिनं मायला हाक मारली नाही. माय मात्र चुलीपासून उठून आली आणि बघून म्हणाली, “आता कोनाले बोलायचं नाई.” बाईनं डोळे उघडले नव्हते. तिनं विचारलं, “किती गेले वं?”

त्यानंतर आमच्या घरात रविवार राहिला नाही, रोजच डोक्याचा वार झाला. मेथी वाटून लावली. जास्वंदीची पानं लावली. कांद्याचा रस लावला, त्या वासानं बाईला ओकारी येई. कढईतलं तेल दिवसातून तीनदा. भिंतीच्या फटी केसांच्या गुंडाळ्यांनी भरल्या आणि मग माय त्या परसात पुरू लागली. माघ उजाडला तेव्हा बाईच्या कपाळावरचा आणि टाळूवरचा भाग उघडा पडला होता. ती दिवसभर पदर घट्ट लपेटून ढेकीवर पाय मारत बसे. पाणवठ्यावर जाणं बंद केलं. तिथल्या बाया मला विचारायच्या, “तुयी बहीन दिसत नाई?” मी सांगे, “धान कांडून राहिली.” एवढं धान कुणाच्या घरात असतं?

माझी नात दवाखान्यात काम करते. मागे तिला मी सहज विचारलं, तर ती म्हणाली, “आजी, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात. पुढं सहा महिन्यांत आपोआप येतात. काही करायचं नसतं.” मी तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

बिब्याचा विचार मायच्या डोक्यात धोब्यामुळे आला. आमचा धोबी बापूंच्या धोतरांच्या कोपऱ्यावर बिब्याची खूण करत असे. धोतर फाटून पोतेरं झालं तरी ती काळी खूण जात नसे. माय एका दुपारी ते धोतर हातात घेऊन बराच वेळ बसली आणि काकूला म्हणाली, “जे कापडात इतकं मुरते, ते डोक्यात नाई मुरन काय?” काकू म्हणाली, “बिबा उततो वं. माया भावाचं तोंड सुजलं होतं, नुसता झाडाखाली झोपला तं.” पण माय अडाणी नव्हती, सावध होती. तिनं एक बिबा निखाऱ्यावर तापवला, बाभळीच्या काट्यावर त्याचा एक थेंब घेतला, वाटीभर तिळाच्या तेलात घोळला आणि आधी आपल्या हाताला लावून चार दिवस वाट पाहिली. हाताला काही झालं नाही. मग बाईच्या टाळूला लावला, आठवड्यातून एकदा.

आणि केस येऊ लागले. दुसऱ्या आठवड्यानंतर मी तिचं डोकं बघत होते, तर उन्हात टाळूवर लव चमकली, काळी, मऊ, वासराच्या कपाळावर असते तशी. मी ओरडलेच. माय धावत आली, काकू आली, सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं. बाईनं माझा हात घट्ट धरला होता आणि ती रडत होती. मायनं त्या दिवशी गुळाचा भात केला. ते केस येणारच होते, त्यांचे ते येत होते. आम्ही मात्र बिब्याला हात जोडले.

फाल्गुन लागला. सासरच्या बायका आठ दिवसांनी येणार, असा निरोप आला. लव एक बोटसुद्धा झाली नव्हती. त्या दुपारी माय आणि काकू लाखोरी उपटायला बांधीत गेल्या होत्या. बाईनं दार ओढून घेतलं आणि परसातल्या टोपलीतून मूठभर बिबे आणले.

“जमना, हे तापव.”

“किती?”

“सारे. तेलात नोको घालू. तसाच लाव.”

“माय एकच थेंब घेते वं.”

“थेंबानं इतके आले. सारे लावले तं केवढे येतीन, तूच सांग.” बिबे माझ्यापुढं सरकवत ती म्हणाली, “आठ दिवस राहिले, जमना. मी त्या बायांसमोर कशी बसू? माया हात मांगं पुरत नाई, नाईतं मीच लावला असता.”

मी तिला नाही म्हणायला हवं होतं. मला भीती वाटत होती, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे काही मागितलं होतं आणि ते मला हवंहवंसं वाटलं. मी चिमट्यात बिबा धरून निखाऱ्यावर धरला. साल तडतडली, काळंशार तेल पाझरलं. एका काडीला चिंधी गुंडाळून मी ते तिच्या डोक्याला लावत गेले, टाळूपासून कपाळापर्यंत, एकही जागा न सोडता. काम नीट करायची माझी खोड तेव्हापासूनची. वरून एरंडाचं पान ठेवलं आणि फडकं आवळून बांधलं. सगळं आवरून आम्ही दोघी ढेकीवर जाऊन बसलो आणि बाई गुणगुणत होती.

दिवेलागणीला तिला खाज सुटली. सकाळी तिचे डोळे उघडत नव्हते. कपाळ, कान, मान सुजून एक झालं होतं, आणि फडकं सोडलं तेव्हा त्याबरोबर कातडी आली. माय तिथंच खाली बसली. “कोनं लावलं?” तिनं विचारलं. माझ्या हाताला एक डागही नव्हता. काडीनं लावलं होतं ना. बाईचे ओठ सुजले होते, तरी ती म्हणाली, “म्या. म्याच लावलं.” मी दाराशी उभी होते. मी काहीच बोलले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. माय वारली तेव्हाही तिला हे ठाऊक नव्हतं.

तीळ आणि खोबरं वाटून लेप दिले, लोणी लावलं. फोड फुटले, पू झाला, माश्या बसू नयेत म्हणून मी निंबाची डहाळी घेऊन तिच्याजवळ बसून राही. बापूंनी सासरी निरोप धाडला की पोरगी आजारी आहे, भेट पुढं ढकला. पण त्यांच्याकडून उलटा निरोप आला की आजारी असेल तर आम्ही बघायला येतोच. पंधरा दिवस पुढं ढकलून ते आले. तोवर जखमा भरत आल्या होत्या, आणि भरल्या तिथली कातडी गुळगुळीत, तांबूस, चकाकती झाली होती. केस फक्त मानेवर आणि कानांमागे उरले होते. आयुष्यभर तेवढेच राहिले.

मुलाची आई उंच, सावळी होती. तिच्यासोबत दोघी जणी होत्या. पाट मांडला होता. बाई येऊन बसली आणि कुणी सांगायच्या आत तिनं स्वतःच पदर मागे टाकला. मायच्या तोंडून आवाज निघाला. मुलाची आई पुढं सरकली. ओरडली नाही, नाक मुरडलं नाही. आणलेल्या तेलाच्या वाटीत बोटं बुडवून तिनं ती हलकेच बाईच्या डोक्यावर टेकवली आणि म्हणाली, “पोरीचा काई दोष नाई. पन माया घरी येनारी पयली सून आहे ही. मी गावाले काय सांगू?” बाई उठून आत गेली. बापू ओसरीवर होते, तिथं माणसांचं बोलणं चालू झालं. मी दाराआडून बघत होते तेवढ्यात मुलाच्या आईनं मला पाहिलं.

“हे कोन?”

“लहानी आहे,” काकू म्हणाली.

“ये वं इकडे. पाठ कर.”

मी पाठ केली. तिनं माझी वेणी सोडली. केस खाली पडत गेले आणि मागच्या एका बाईनं “बापा!” म्हटलं. आता ऐंशी उलटल्यावर खोटं कशाला लिहू? त्या क्षणी मला आनंद झाला. आतल्या खोलीत माझी बहीण भिंतीशी बसली होती, हे मला ठाऊक होतं, आणि तरी झाला. मग ओसरीवरून बापूंचा आवाज आला, “घराले शब्द दिला, तं घर शब्द राखन.” तेव्हा कुठं मला समजलं की काय ठरलं.

तारीख तीच राहिली, मांडव तोच, बाईसाठी घेतलेली लुगडीही तीच. फक्त मला ती लांब होत होती, म्हणून काकूनं दुमडून टाके घातले. बाईला पुढच्या वर्षी एका बिजवराला दिलं, दोन मुलांच्या बापाला, जंगलातल्या गावात. तिकडे आता इटियाडोह धरणाचं पाणी आहे. तिनं ती मुलं वाढवली, स्वतःची दोन वाढवली आणि कधी कुणासमोर पदर खाली येऊ दिला नाही. माझ्या मालकांचं नाव मी अजूनही घेत नाही. माणूस चांगला होता. पन्नास वर्षांत ते मला एकदाही वाईट शब्द बोलले नाहीत. बाई आमच्या घरी आली की मात्र ते उठून शेतावर जात.

लग्नाच्या सकाळी मला न्हाऊ घालून पाटावर बसवलं. नात्यातल्या बाया गोळा झाल्या होत्या. तेवढ्यात बाई आली आणि काकूच्या हातातून तेलाची वाटी घेतली.

“जमनाचं डोकं मी माखीन.”

“तू नोको, बाई,” काकू हळू म्हणाली. “आज दुसरं कोनी…”

“काऊन? माये हात तं नाई ना जरले?”

ती माझ्यामागे बसली. तेल तिनं मुळाशी जिरवलं, एकही बट न ओढता. बायांची गडबड पुन्हा सुरू झाली तेव्हा मी मान न वळवता म्हटलं, “बाई, मायले सांगू का? म्याच लावलं होतं म्हनून?”

“आता कायले? मायले सांगून केस येतीन काय?”

तिनं फणी घेतली, टोकाचा दात टेकवून भांग पाडला. मग हातानं पुसला आणि पुन्हा त्याच रेघेवर पाडला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दरवेळी आणखी दाबून. मला मुळापासून झिणझिण्या आल्या. मी मांडीवर हात आवळून बसले.

“दुखून राहिलं का?”

“नाई.”

“दुखू दे.”

मला तिचा राग आला नाही. उलट इतक्या दिवसांनी छातीतला दगड थोडा हलका झाला, कारण माझा गुन्हा माहीत असलेल्या एकाच माणसानं मला शिक्षा केली होती. मग तिनं वेणी घातली. तेवढी घट्ट, देखणी वेणी माझ्या आयुष्यात पुन्हा कुणी घातली नाही. उठताना तिनं माझ्या मानेवर सांडलेलं तेल आपल्या पदरानं पुसलं आणि ती आत निघून गेली. पाठवणीच्या वेळी ती बाहेर आली नाही.

सासरी पाचव्या दिवशी न्हाणं झालं. सासूनं मला पाटावर बसवून वेणी सोडली, केस बाजूला केले आणि थांबली. भांगाच्या रेघेवर खपली धरली होती.

“हे कायचं वं?”

“फनी नवी होती. लागली.”

ती खपली न काढता हलक्या हातानं आजूबाजूला तेल लावत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “वेनी कोनं घातली होती? पाच दिवस झाले, एक केस ढिला नाई.”

“बाईनं.”

तिचे हात क्षणभर माझ्या डोक्यावर तसेच राहिले. “हात चांगला आहे पोरीचा,” ती म्हणाली. मग चिमटीत कुंकू घेऊन तिनं ते माझ्या भांगात दाबून भरलं.